वारा सरला का

या शहराचं नाव हल. नांगराशी काही संबंध नाही.
खिडकीखाली हंबर नदी, दुधाऐवजी माती घातलेल्या चहासारखी,
भरतीला उलटी वाहते, ओहोटीला सुलटी.
मी दुभाषी. अर्ध्या तासाचे पैसे मिळतात,
पार्किंगचे मिळत नाहीत.

पलंग चौदा. सरूबाई निकुंभ, शिरपूरच्या.
लेकीचं बाळंतपण करायला आल्या
आणि आधी स्वतःच टेबलावर गेल्या.

मिस्टर थॉर्नली मेनूकार्डाच्या पाठीवर चित्र काढतात.
घशापासून एक नळी, खाली पखालीसारखं जठर,
त्याच्या कडेला यकृत, यकृताला बिलगलेली पित्ताची पिशवी,
मग रेघ वळते, परत वळते, वळतच राहते,
पेन कार्डावरून पांघरुणावर उतरतं.
लहान आतडं बावीस फूट, मोठं पाच.
मी तीनानं भागते.
"बाई, सगळं मिळून नऊ वार."
"मग निऱ्या घातल्याबिगर मावंल कसं?"

निऱ्यांना इंग्रजीत काय म्हणावं ते सुचत नाही.
त्यांना समजलंय, एवढंच मी सांगते.

"कापलं किती?"
बावीस सेंटिमीटर.
त्या अंगठा ताणतात, करंगळी ताणतात,
पंजा चादरीवर ठेवून बघत बसतात.
वीत.
"येवढं तर पोट असतं माणसाचं," म्हणतात,
"त्याच्यासाठीच तर सगळी धावाधाव."
मग हळूच, "कुठं ठेवलं त्यांनी?"
बरणीत, प्रयोगशाळेत.
"लोणचं घातलं म्हणा."
हे मात्र मी शब्दाला शब्द सांगते.
मिस्टर थॉर्नली हसतात, तेव्हा त्यांचा एक दात किडलेला दिसतो.

तिसरा दिवस. पोट नगाऱ्यासारखं.
हात लागला की आतडं गप्प होतं, ते सांगतात, मी सांगते.
घास पुढे ढकलणारी लाट उठतच नाही.
एरवी ती कुणाचं ऐकत नाही,
डोक्यावर उभं राहून जेवलात तरी घास पुढेच नेते,
या नदीसारखी दिवसातून दोनदा मन बदलत नाही.
"परक्याचा हात लागला. रुसायचंच."
ते बेंबीपाशी स्टेथोस्कोप टेकवून ऐकतात.
पूर्ण दोन मिनिटं.
माझ्या आईच्या वेळी सगळ्यांची भाषा एकच होती.
इतका वेळ कुणी ऐकलं नव्हतं. मीसुद्धा.

मग तो प्रश्न.
पायथ्याशी जावई उभा, हेमराज,
कॅरव्हॅनच्या कारखान्यातून तसाच आलेला, केसांत भुसा.
सरूबाईंचा हात गाऊनवर नसलेला पदर शोधतो.
दुभाष्यानं स्वतःचं काही बोलायचं नसतं.
"हेमराज, मला खालून चहा आणता का? दोन साखर."
मी साखर घेत नाही.

दार मिटल्यावर,
"बाई, वारा सरला का?"
त्या खिडकीकडे बघतात. काचा थरथरतायत,
उत्तर समुद्रावरून सुटलाय तो काल रात्रीपासून.
"त्याला काय झालंय? चालूच आहे की."
"तो नाही. तुमचा."
बराच वेळ कुणीच बोलत नाही.
आधी त्या हसतात, टाक्यांवर हात दाबून,
मग मी,
मग काही न कळूनही नर्स केली.
मान मात्र नाहीच म्हणून हलते.

शनिवारी पहाटे पावणेसहाला फोन.
लेकीचा आवाज, धाप लागलेला:
"ताई, सरला!"
मी अर्धवट झोपेत. कोण सरला?
सरला सोमण होती शाळेत, मागच्या बाकावर,
तिचं आता काय?
"ताई, दोनदा! नर्सनं टाळ्या वाजवल्या!
आई म्हणते, त्या दुभाषीबाईंना आधी कळव."

शनिवारचे पैसे मिळत नाहीत.
मी उठते, ब्रेड भाजायला लावते,
आणि तो वर उडी मारायच्या आत
माझ्याच पोटात काहीतरी गुरगुरतं,
आणि मी सुरी हातात तशीच धरून
ते ऐकत उभी राहते.